रेडिएटर पंखा स्विच

रेडिएटर पंखा स्विच हा मोटारीच्या शीतकरण यंत्रणेतील तापमानावर चालणारा विद्युत स्विच आहे. इंजिनातून फिरणारे कूलंट ठरावीक तापमानाला पोहोचले की तो रेडिएटरमागील विजेचा पंखा सुरू करतो आणि कूलंट पुरेसे निवले की पंखा बंद करतो. गॅरेजच्या बोलीत त्याला 'फॅन स्विच' किंवा 'थर्मो स्विच' म्हणतात. आकाराने तो अंगठ्याएवढा आणि किमतीने किरकोळ असतो. मात्र तो बंद पडल्यास रहदारीत उभ्या असलेल्या मोटारीचे इंजिन थोड्याच वेळात अतितप्त होऊ शकते.

बहुतेक कौटुंबिक मोटारींत हा स्विच सहज दिसतो. स्पोर्ट्स कारमध्ये मात्र इंजिनाभोवतीची जागा अपुरी असल्याने तो अनेकदा हात पोहोचणार नाही अशा ठिकाणी असतो. त्यामुळे स्विच काढण्याआधी त्याच्यापर्यंत वाट करून घेण्यातच कामाचा बराच वेळ जातो. संथ वाहतूक, दमट हवा आणि जवळचे घाट यांमुळे ठाणे आणि कल्याण-डोंबिवली परिसरात या स्विचला विशेष महत्त्व आहे.

पार्श्वभूमी

पेट्रोल इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या ऊर्जेचा सुमारे एक-तृतीयांश भाग उपयुक्त यांत्रिक कामात रूपांतरित होतो, ढोबळमानाने तेवढाच भाग धुराबरोबर बाहेर जातो आणि उरलेली बरीचशी उष्णता इंजिनाच्या धातूत उतरते. ही उष्णता वाहून नेण्याचे काम कूलंट करते. कूलंट म्हणजे पाणी आणि एथिलीन ग्लायकॉल यांचे गंजरोधक द्रव्ये घातलेले मिश्रण. पाण्याचा पंप ते इंजिन आणि रेडिएटर यांमध्ये फिरवतो. रेडिएटरच्या बारीक नळ्यांवरून हवा वाहिली की कूलंट थंड होते.

मोटार वेगात असताना समोरून येणारा वारा या कामाला पुरतो. ताशी पन्नास-साठ किलोमीटरच्या वेगाने मोकळ्या रस्त्यावर धावणाऱ्या मोटारीत पंखा बहुधा सुरूही होत नाही. मोटार थांबली किंवा रांगेत सरकू लागली की वारा थांबतो, इंजिन मात्र उष्णता निर्माण करतच राहते. अशा वेळी हवा ओढण्याचे सर्व काम पंख्यावर पडते. म्हणूनच मोकळ्या रस्त्यावर निर्दोष वाटणारी मोटार सिग्नलवर तापू लागली, तर पहिला संशय पंखा आणि त्याचा स्विच यांवर घेतला जातो.

रचना

स्विचचे बाह्य कवच पितळेचे असते. त्याच्या एका टोकाला आटे असून ते टोक कूलंटमध्ये बुडलेले राहते. दुसऱ्या टोकाला षट्कोनी डोके आणि वायर जोडण्याच्या पिना असतात. अनेक युरोपीय मोटारींत रेडिएटरवरील स्विचला २२ मिलिमीटर व्यासाचे आणि दीड मिलिमीटर अंतराचे आटे असतात. सांध्यातून गळती होऊ नये म्हणून डोक्याखाली तांब्याचे वॉशर किंवा रबरी कडे बसवलेले असते.

कवचात द्विधातूची चकती असते. वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावणारे दोन धातू एकमेकांना जोडून ती बनवतात. तापल्यावर ती हळूहळू वाकत नाही. ठरावीक तापमानाला ती एकदम उलटी फिरते आणि विद्युत संपर्क जोडते. त्या वेळी होणारा 'टक' असा आवाज स्विच हातात धरून तपासताना ऐकू येतो. काही प्रकारांत चकतीऐवजी तापल्यावर वितळून फुगणारे मेण वापरतात.

दोन पिनांचा स्विच पंख्याला एकच वेग देतो. तीन पिनांच्या स्विचमध्ये दोन संपर्क असतात. पहिला संपर्क रोधातून वीज देऊन पंखा कमी वेगाने चालवतो. तापमान आणखी वाढले तर दुसरा संपर्क तोच पंखा पूर्ण वेगाने चालवतो. एका पिनेच्या स्विचमध्ये परतीचा विद्युतमार्ग आट्यांवाटे रेडिएटरच्या किंवा इंजिनाच्या धातूतून जातो.

कार्य

बहुतेक स्विचच्या कवचावर '९२–८७' यासारखे दोन आकडे कोरलेले असतात. पहिला आकडा पंखा सुरू होण्याचे आणि दुसरा पंखा बंद होण्याचे तापमान अंश सेल्सिअसमध्ये दाखवतो. दोन्ही तापमाने एकच असती, तर पंखा क्षणोक्षणी सुरू-बंद होत राहिला असता आणि संपर्क जळून गेले असते. म्हणून त्यांत मुद्दाम काही अंशांचे अंतर ठेवलेले असते.

पंखा स्विच आणि थर्मोस्टॅट या वेगळ्या वस्तू आहेत. थर्मोस्टॅट हा कूलंटच्या वाटेवरील झडपेचा भाग असतो. तो साधारणपणे ८० ते ९० अंशांच्या दरम्यान उघडतो आणि कूलंटला रेडिएटरकडे जाऊ देतो. एवढ्याने भागले नाही, तरच पुढच्या टप्प्यावर पंखा स्विच काम करतो. थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला तर इंजिन उकळू लागले तरी रेडिएटर थंड राहतो. अशा वेळी रेडिएटरवर बसवलेला स्विच निर्दोष असूनही पंखा सुरू होत नाही.

विजेच्या पंख्याला बारा व्होल्टच्या यंत्रणेत दहा किंवा त्याहून अधिक अँपिअर प्रवाह लागतो. जुन्या मोटारींत हा सर्व प्रवाह स्विचमधून जाई व त्याचे संपर्क लवकर झिजत. पुढे प्रवाहाचा भार रिलेकडे सोपवला गेला. स्विच फक्त रिलेला चालना देतो आणि पंख्याची वीज रिलेमधून जाते.

इंजिन बंद केल्यावरही धातूत साठलेली उष्णता कूलंटमध्ये उतरत राहते. त्यामुळे काही मोटारींत पंख्याला चावीवर अवलंबून नसलेला वीजपुरवठा दिलेला असतो. अशा मोटारीचा पंखा चावी काढल्यानंतरही आपोआप सुरू होऊ शकतो. दुरुस्ती करणाऱ्याच्या दृष्टीने ही बाब धोक्याची आहे.

इतिहास

सुरुवातीच्या मोटारींत पंखा पट्ट्याने थेट इंजिनाशी जोडलेला असे. इंजिन फिरत असेपर्यंत, गरज असो वा नसो, पंखा फिरे आणि इंजिनाची काही शक्ती वाया जाई. प्यूजो कंपनीने १९६० च्या दशकातील ४०४ या मोटारीत विद्युतचुंबकीय क्लचचा पंखा वापरला. तापमानाच्या स्विचमुळे तो गरजेपुरताच पट्ट्याशी जोडला जाई.

इंजिन मोटारीत आडवे बसवण्याची पद्धत रूढ झाल्यावर पंख्याची रचनाही बदलली. १९५९ च्या मिनी मोटारीत इंजिन आडवे होते, पण पंखा इंजिनाला जोडलेला ठेवण्यासाठी रेडिएटर एका बाजूला, चाकाच्या कमानीलगत बसवावा लागला. १९६९ मध्ये आलेल्या फियाट १२८ मध्ये रेडिएटर समोर ठेवून त्याला विजेचा पंखा आणि उष्णतेवर चालणारा स्विच दिला गेला. याच मोटारीचे इंजिन १९७२ च्या फियाट एक्स १/९ या दोन आसनी स्पोर्ट्स कारमध्ये आसनांच्या मागे बसवण्यात आले. तिचा रेडिएटर मात्र पुढेच राहिला. इंजिन आणि रेडिएटर यांच्यात एवढे अंतर असताना पट्ट्यावरचा पंखा शक्यच नव्हता.

भारतात १९८३ च्या अखेरीस आलेल्या मारुती ८०० मुळे आडवे इंजिन आणि विजेचा पंखा ही जोडी सर्वत्र परिचित झाली. तोपर्यंत रस्त्यांवर प्रामुख्याने दिसणाऱ्या अँबॅसेडर आणि प्रीमियर पद्मिनी या मोटारींत पट्ट्यावर चालणारा पंखा होता. या मोटारींच्या चालकाला 'फॅन बेल्ट' तुटण्याची भीती असे. विजेच्या पंख्याबरोबर तिची जागा फ्यूज, रिले आणि स्विच यांच्या बिघाडाने घेतली.

ठाणे आणि कल्याण-डोंबिवली परिसरात

_मोटार उद्योग_

पट्ट्याच्या पंख्याकडून विजेच्या पंख्याकडे झालेल्या या संक्रमणाशी ठाणे जिल्ह्याचा थेट संबंध आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीचा मूळ कारखाना मुंबईत कुर्ल्याला होता. फियाटच्या परवान्याने तयार होणारी आणि पुढे पद्मिनी या नावाने विकली गेलेली मोटार तेथेच बनत असे. कंपनीचा दुसरा कारखाना कल्याण-शीळ मार्गावर डोंबिवलीजवळ होता. प्रीमियर कॉलनी, प्रीमियर मैदान ही स्थळनामे त्याचीच खूण आहेत.

१९९० च्या दशकाच्या मध्यात याच ठिकाणी प्रीमियर आणि फ्रान्सची प्यूजो यांच्या संयुक्त कंपनीने प्यूजो ३०९ ही मोटार तयार केली. तिला १.४ लिटरचे पेट्रोल किंवा १.५ लिटरचे डिझेल इंजिन असे. इंजिन आडवे असून रेडिएटरला विजेचा पंखा होता. युरोपात याच मोटारीची जीटीआय ही वेगवान आवृत्तीही विकली जात होती. कामगार-व्यवस्थापन वाद आणि आर्थिक अडचणी यांमुळे भारतातील हा संयुक्त उद्योग काही वर्षांतच बंद पडला. ज्यांनी ही मोटार घेतली होती, त्यांच्यापुढे सुट्या भागांचा प्रश्न उभा राहिला. पंखा स्विचसारख्या प्रमाण आट्यांच्या भागांना इतर मोटारींतून पर्याय मिळू शकतो. बंद पडलेल्या मॉडेलच्या काचा, दिवे किंवा पत्र्याचे भाग यांच्याबाबतीत ती सोय नसते.

महाराष्ट्र आणि गोवा परिसरात स्पोर्ट्स कार बनवण्याचे मोजकेच प्रयत्न झाले. गोव्यात तयार झालेली सॅन स्टॉर्म ही फायबरच्या कवचाची दोन आसनी मोटार रेनॉच्या १.२ लिटर इंजिनावर चालत असे. मुंबईच्या डीसी डिझाइन या संस्थेने २०१२ च्या ऑटो एक्स्पोमध्ये मांडलेल्या अवंती या मोटारीत इंजिन आसनांच्या मागे होते. इंजिन, गिअरबॉक्स यांसारखे यांत्रिक भाग अन्य कंपन्यांकडून घेऊन अशा मोटारी जुळवल्या जातात. त्यामुळे त्यांच्या पंखा स्विचचा शोध घेताना मूळ इंजिन कोणत्या कंपनीचे आहे, हे आधी पाहावे लागते.

_रस्ते आणि हवामान_

ठाण्यातील घोडबंदर मार्ग, माजिवडा आणि कापूरबावडी नाका, कल्याण-शीळ मार्ग, शीळफाटा ही वाहतूक कोंडीची परिचित ठिकाणे आहेत. कल्याणचा जुना पत्री पूल धोकादायक ठरल्याने २०१८ मध्ये पाडण्यात आला आणि नवा पूल २०२१ मध्ये खुला झाला. मधल्या काळात तेथील वाहतुकीवर मोठा ताण आला. मेट्रोच्या चौथ्या आणि पाचव्या मार्गिकांच्या बांधकामामुळेही रस्ते अरुंद झाले. अशा रांगेत वातानुकूलन सुरू ठेवून उभ्या असलेल्या मोटारीवर दुहेरी भार पडतो. वातानुकूलन यंत्रणेचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे असतो आणि त्याने तापवलेली हवाच रेडिएटरला मिळते.

खाडीलगतच्या दमट हवेत आणि जून ते सप्टेंबरच्या पावसात स्विचच्या पिनांवर हिरवट गंज चढतो. साचलेल्या पाण्यातून गाडी नेल्यास रेडिएटरच्या तळाशी बसवलेल्या स्विचचे कनेक्टर भिजतात. त्यामुळे पावसाळ्यात पंख्याची तक्रार आली की स्विच बदलण्याआधी कनेक्टर उघडून साफ करणे इष्ट ठरते.

जिल्ह्यातून घाटमाथ्याकडे जाणाऱ्या दोन प्रमुख वाटांची गोष्ट वेगळी आहे. मुंबई-आग्रा मार्ग शहापूर तालुक्यातून कसारा घाट चढून इगतपुरीला जातो, तर कल्याण-नगर मार्ग मुरबाडवरून माळशेज घाट चढतो. चढावर गिअर खालचा, वेग कमी आणि इंजिनावरील भार जास्त असतो. शहरात मधूनमधून चालणारा पंखा येथे दीर्घकाळ सुरू राहावा लागतो आणि अर्धवट खराब झालेला स्विच येथेच उघडा पडतो.

स्विचची जागा आणि दुर्गमता

स्विचची जागा मोटारीनुसार बदलते. तो पुढीलपैकी एका ठिकाणी आढळतो:

* रेडिएटरच्या वरच्या भागात किंवा कूलंट आत येते त्या बाजूला
* रेडिएटरच्या खालच्या भागात किंवा कूलंट बाहेर पडते त्या बाजूला
* इंजिनावर, थर्मोस्टॅटच्या कवचात किंवा त्यालगत
* रेडिएटरच्या जाड रबरी नळीमध्ये बसवलेल्या धातूच्या जोडात

जागेप्रमाणे स्विचचे ठरलेले तापमानही बदलते. रेडिएटरमधून बाहेर पडणारे कूलंट आत येणाऱ्यापेक्षा थंड असते. म्हणून बाहेर पडण्याच्या बाजूचा स्विच कमी तापमानाला जुळेल असा निवडलेला असतो.

स्पोर्ट्स कारमध्ये पुढचा भाग बुटका ठेवण्यासाठी रेडिएटर तिरपा आणि खोल बसवतात. त्याच्या मागे पंखा व त्याची चौकट, पुढे कंडेन्सर आणि टर्बो असल्यास आणखी एक शीतक असतो. खालून हवेचा प्रवाह सुरळीत राहावा म्हणून तळाला आवरण बसवलेले असते. इंजिन मध्यभागी असल्यास कूलंटच्या नळ्या मोटारीच्या तळातून लांबवर जातात आणि स्विच पुढच्या चाकांच्या दरम्यान, बंपरच्या आत दडलेला राहतो. आडव्या इंजिनांच्या काही मोटारींत तो इंजिनाच्या मागच्या अंगाला, इनटेक मॅनिफोल्डच्या खाली असतो. तेथे तो वरून दिसत नाही आणि खालून हात गेला तरी पाना फिरवायला जागा उरत नाही.

कारखान्यात रेडिएटर किंवा इंजिन मोटारीत बसण्यापूर्वीच त्यावर स्विच घट्ट केला जातो. त्या वेळी तो पूर्णपणे मोकळ्यावर असतो. भोवतालचे भाग नंतर बसतात. म्हणून जुळणीच्या दृष्टीने सोयीची असलेली जागा दुरुस्तीच्या वेळी गैरसोयीची ठरते.

बिघाडाची लक्षणे

स्विच दोन प्रकारे निकामी होतो. संपर्क कायम उघडा राहिला तर पंखा सुरूच होत नाही. मोकळ्या रस्त्यावर तापमानाचा काटा जागेवर असतो, पण रहदारीत तो वर चढतो आणि गाडी पुन्हा धावू लागली की खाली येतो. संपर्क कायम जुळलेला राहिला तर थंड इंजिनावरही पंखा फिरत राहतो. पंख्याचा वीजपुरवठा चावीवर अवलंबून नसल्यास रात्रभरात बॅटरी उतरते. पहिल्या प्रकारात इंजिन धोक्यात येते, दुसऱ्या प्रकारात केवळ गैरसोय होते.

काटा लाल पट्ट्यात गेल्यावरही गाडी चालवत राहिल्यास ॲल्युमिनियमचे सिलिंडर हेड वाकते, हेड गॅस्केट फुटते आणि कूलंट तेलात मिसळते. पुढच्या टप्प्यात पिस्टन सिलिंडरमध्ये अडकून इंजिन 'सीज' होते. हेड उतरवून घासून घेण्याचा किंवा इंजिन नव्याने बांधण्याचा खर्च स्विचच्या किमतीच्या कित्येक पट असतो.

निदान

पंखा न फिरण्याची कारणे अनेक असल्याने स्विच बदलण्यापूर्वी क्रमाने तपासणी केली जाते.

# कूलंटची पातळी थंड इंजिनावर पाहिली जाते. पातळी कमी असल्यास किंवा हवा अडकल्यास स्विचचे टोक द्रवात न राहता हवेत किंवा वाफेत राहते आणि तो वेळेवर चालत नाही.
# पंख्याचा फ्यूज आणि रिले तपासले जातात.
# दोन पिनांच्या स्विचचा कनेक्टर काढून त्याच्या दोन्ही टोकांमध्ये वायरचा तुकडा जोडला जातो. पंखा फिरला तर मोटर, फ्यूज आणि वायरिंग ठीक असून संशय स्विचवर येतो. पंखा फिरला नाही तर दोष अन्यत्र आहे. एका पिनेच्या स्विचमध्ये ती वायर इंजिनाच्या धातूला टेकवली जाते.
# काढलेला स्विच तापमापीसह पाण्यात तापवून मल्टिमीटरने तपासला जातो. ठरलेल्या तापमानाला संपर्क जुळला पाहिजे. समुद्रसपाटीजवळ पाणी १०० अंशांना उकळते. त्यामुळे त्याहून अधिक तापमानाचा स्विच या पद्धतीने तपासता येत नाही.

तिसरी कसोटी करण्याआधी तो भाग खरोखर स्विच आहे याची खात्री आवश्यक असते. बाह्यतः सारखाच दिसणारा तापमान संवेदक हा संगणकाशी जोडलेला असतो आणि त्याचा कनेक्टर वायरने जोडल्यास चुकीचा संकेत जाऊन बिघाड वाढू शकतो.

बदलण्याची पद्धत

_पूर्वतयारी_

काम पूर्ण थंड इंजिनावरच केले जाते. शीतकरण यंत्रणेत वातावरणापेक्षा सुमारे एक बार अधिक दाब असतो आणि त्यामुळे आतील द्रव १०० अंशांपेक्षा बराच तापूनही उकळत नाही. गरम असताना झाकण उघडले की दाब एकदम उतरतो, द्रव क्षणात उकळून उसळतो आणि चेहरा व हात गंभीर भाजतात. पंखा अचानक सुरू होऊ नये म्हणून बॅटरीची ऋण तार काढली जाते.

मोटारीखाली जावे लागणार असल्यास ती सपाट, टणक जमिनीवर उभी करून चाकांना अडसर लावले जातात आणि तिचा भार भक्कम स्टँडवर घेतला जातो. केवळ जॅकवर उचललेल्या मोटारीखाली शिरणे प्राणघातक ठरू शकते. इमारतींच्या आवारातील उतरत्या किंवा मातीच्या जागेवर हे काम टाळले जाते.

_वाट मोकळी करणे_

स्विचपर्यंत जाण्याच्या साधारणपणे तीन वाटा असतात. वरून जाताना हवेच्या गाळणीची पेटी आणि तिची नळी काढली जाते. खालून जाताना तळाचे आवरण सोडवले जाते. बाजूने जाताना पुढचे चाक आणि चाकाच्या कमानीतील प्लॅस्टिकचे अस्तर काढले जाते. कोणती वाट धरावी हे स्विचच्या डोक्याची दिशा आणि पाना फिरण्यासाठी मिळणारी जागा यांवर ठरते. लहान आरसा आणि बॅटरीचा दिवा वापरून हे आधीच पाहून घेतल्यास अनावश्यक भाग उघडावे लागत नाहीत. अनेकदा पंख्याची चौकट चार बोल्ट काढून वर उचलली की स्विच समोर येतो.

_काढणे आणि बसवणे_

स्विचच्या पातळीच्या खाली येईल इतके कूलंट स्वच्छ भांड्यात काढले जाते. कनेक्टरचा खटका दाबून तो सरळ ओढला जातो. जुने प्लॅस्टिक ठिसूळ झालेले असल्याने वायरला धरून ओढल्यास ते तुटते. अरुंद जागेत खोल गोटी, लांब दांडी आणि वळणारा सांधा यांचा उपयोग होतो. गोटी मावत नसल्यास आखूड दांड्याचा पाना वापरला जातो. घट्ट बसलेल्या स्विचवर जोर लावताना रेडिएटरची टाकी दुसऱ्या हाताने आधारली जाते, अन्यथा टाकीचा सांधा पिळवटून फुटतो.

बैठकीची जागा पुसून नवे वॉशर लावले जाते. जुने तांब्याचे वॉशर एकदा दबलेले असल्याने पुन्हा वापरले जात नाही. परतीचा विद्युतमार्ग आट्यांतून जाणाऱ्या स्विचला टेफ्लॉन पट्टी किंवा चिकट लेप लावला जात नाही, कारण त्यामुळे संपर्क बिघडू शकतो. पहिले काही आटे हातानेच फिरवले जातात. न दिसणाऱ्या जागेत आटे तिरपे पकडले गेले तर ॲल्युमिनियमच्या किंवा प्लॅस्टिकच्या टाकीतील आटे कायमचे बिघडतात आणि रेडिएटरच बदलावा लागतो. शेवटची घट्टाई मोटारीच्या दुरुस्ती पुस्तिकेत दिलेल्या मापाइतकीच ठेवली जाते.

_हवा काढणे आणि चाचणी_

कूलंट पुन्हा भरल्यावर यंत्रणेत अडकलेली हवा काढणे आवश्यक असते. मोटारीतील उष्णकाचे नियंत्रण सर्वांत गरम स्थितीत ठेवून, हवा काढण्याचा स्क्रू असल्यास तो सैल करून, हळूहळू कूलंट भरले जाते. स्पोर्ट्स कारमध्ये इंजिन व रेडिएटर दूर असल्यास नळ्यांत हवेचे बुडबुडे सहज अडकतात आणि या टप्प्याला अधिक वेळ लागतो. त्यानंतर बॅटरी जोडून इंजिन जागेवर सुरू ठेवले जाते. ठरलेल्या तापमानाला पंखा आपोआप सुरू झाला, थोड्या वेळाने बंद झाला आणि पुन्हा सुरू झाला, तरच काम पूर्ण झाले असे मानले जाते. या वेळी स्विचभोवती गळती नाही हेही पाहिले जाते. इंजिन निवल्यावर कूलंटची पातळी पुन्हा तपासली जाते.

पर्यायी स्विचची निवड

बंद झालेल्या किंवा आयात केलेल्या मोटारींचे मूळ स्विच सहज मिळत नाहीत. अशा वेळी मुंबईतील ऑपेरा हाऊस परिसरातील सुट्या भागांची दुकाने किंवा कुर्ल्याचा जुन्या भागांचा बाजार यांत पर्याय शोधला जातो. पर्यायी स्विच निवडताना आट्यांचा व्यास व अंतर, टोकाची लांबी, पिनांची संख्या आणि सुरू-बंद होण्याची तापमाने या चारही बाबी जुळाव्या लागतात. केवळ आटे जुळतात म्हणून अधिक तापमानाचा स्विच बसवल्यास पंखा उशिरा सुरू होतो. फार कमी तापमानाचा बसवल्यास तो थर्मोस्टॅटच्या उघडण्याच्या तापमानाखाली जातो आणि पंखा जवळपास सतत फिरत राहतो.

काही मालक डॅशबोर्डवर हाताने चालवायचा स्वतंत्र स्विच बसवून घेतात. घाटात किंवा कोंडीत तो उपयोगी पडतो. मात्र तो सुरू करण्याची आठवण चालकाला राहावी लागते, म्हणून त्याला मूळ स्विचचा कायमचा पर्याय मानले जात नाही. वाटेत पंखा बंद पडल्यास वातानुकूलन बंद करून उष्णक पूर्ण सुरू करणे हा तात्पुरता उपाय आहे. त्यामुळे इंजिनातील काही उष्णता मोटारीच्या आत सोडली जाते. तरीही काटा उतरत नसल्यास गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करणे हाच सुरक्षित मार्ग असतो.

पर्यावरणीय बाबी

एथिलीन ग्लायकॉल विषारी असून चवीला गोड असते. जमिनीवर सांडलेले कूलंट कुत्री-मांजरे चाटतात आणि अल्प प्रमाणातही ते त्यांना घातक ठरू शकते. लहान मुलांपासूनही ते दूर ठेवावे लागते. गटारात ओतलेले कूलंट अखेरीस उल्हास नदी, वालधुनी नदी किंवा ठाणे खाडीत पोहोचते. ठाणे खाडीचा फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित केलेला भाग २०२२ पासून रामसर स्थळांच्या यादीत आहे. काढलेले कूलंट स्वच्छ असल्यास पुन्हा भरता येते. खराब झालेले बंद डब्यात साठवून घातक कचऱ्याच्या अधिकृत व्यवस्थेकडे देणे अपेक्षित असते.

संगणकीय नियंत्रण

इंधन फवारणीची इंजिने रूढ झाल्यावर स्वतंत्र पंखा स्विच हळूहळू मागे पडला. आधुनिक मोटारींत तापमान संवेदकाचा रोध उष्णतेनुसार बदलतो आणि इंजिनाचा संगणक त्यावरून रिलेला आदेश देतो. वातानुकूलनाचा दाब आणि मोटारीचा वेग यांचाही विचार करून तो पंख्याचा वेग ठरवतो. संवेदकाची तार तुटल्याचे लक्षात आल्यास अनेक मोटारींत पंखा खबरदारी म्हणून सतत चालू ठेवला जातो. जुन्या द्विधातूच्या स्विचमध्ये अशी सोय नव्हती. तो संपर्क उघडा राहून निकामी झाल्यास त्याची सूचना देणारे साधन म्हणजे केवळ तापमानाचा काटा. त्यामुळे स्वतंत्र स्विच असलेल्या जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये रहदारीत त्या काट्याकडे लक्ष ठेवणे आणि घाटाच्या प्रवासापूर्वी, इंजिन जागेवर चालू ठेवून पंखा सुरू होतो का हे पाहणे, ही निगेची मूलभूत अंगे मानली जातात.

हेही पहा

* रेडिएटर
* थर्मोस्टॅट
* अंतर्ज्वलन इंजिन
* प्रीमियर पद्मिनी
* कसारा घाट
* ठाणे खाडी